शनिवारासाठी पुणे

सुंदरा: कालच्या गिरणीतले शंभर दाणे मोजले. बेचाळीस तुटलेले. आणि आत्या, ही तुटलेली कड बघ. सुकं भात भरडलं की दाणा काचेसारखा तुटतो, कड लख्ख असते. ही कड पिठूळ आहे. बोटाला पांढरं लागतंय.

आनंदीबाई: लागू दे. मी आल्यापासून सूप मांडीवर घेऊन बसलीस ती उठलीच नाहीस. नेरळला गाडीतून उतरून चिखल तुडवत पोशीरला आले, ती काय तांदूळ निवडायला? फारम कुठाय?

सुंदरा: फळीवर.

आनंदीबाई: दहा दिवस फळीवरच हाय. दोनी?

सुंदरा: दोन्ही भरून ठेवलेत. मुंबईच्या कॉमर्स कॉलेजचा आणि पुण्याच्या.

आनंदीबाई: मग दोनी दे. इथून तीनला निघते, साडेचारची गाडी धरते, कर्जतला उतरून टेशनावरच टपालात टाकते. जे कालेज आधी हो म्हनंल तिकडं जा.

सुंदरा: तसं होत नाही. मॅट्रिकचा दाखला अस्सल जोडायचा आहे, नक्कल चालत नाही. तो एकच आहे. ज्या लिफाफ्यात दाखला जाईल तेच कॉलेज. आणि सोमवार शेवटची तारीख.

आनंदीबाई: आज गुरवार.

सुंदरा: माहीत आहे. गिरणीतल्या पोशाचं सांग आधी. कसा आहे?

आनंदीबाई: शुद्धीवर हाय. डाक्तरांच्या पडवीतच झोपवलाय. पट्टा बसला तो उजवा हात खांद्यापासून सुजलाय, बोटं काळी पडलीत. डाक्तर म्हनले, उद्या सकाळी बघू. हात ऱ्हातो का काढावा लागतो ते उद्या कळंल.

सुंदरा: बोटं हलतात?

आनंदीबाई: मी कुठं हलवून बघू? त्याची बायको जनी पायाशी बसलीय. मला बघून उठली नाय. एरवी लांबून हाक मारते, आज नुसतं बघितलं. माज्या भावाच्या देखत पट्टा सुटला, तिला वाटनारच. पन सुंदरे, एवढा रुंद पट्टा, चालत्या गिरणीत निसटला कसा? येसू तिथं उभा होता ना? गिरणीच्या नुसत्या आवाजावरनं दुखनं सांगनारा मानूस! थांब, त्यालाच इचारते. ए येसू! पट्टा कसा निसटला रं?

(येसाजी ओटीच्या कडेला दोघींकडे पाठ करून सुंभ वळतो आहे. हात थांबत नाही.)

आनंदीबाई: येसू! मी काय इचारते? बरं, ते ऱ्हाऊ दे. पोरीचा फारम कुठं पाठवायचा ते तरी सांग! फारम!

येसाजी: पारावर नको जाऊस आक्का. पारावर चिखल हाय.

आनंदीबाई: बघितलंस? मी फारम म्हनते, हा पार सांगतो. कालपासनं डोकं ठिकान्यावर नाय त्याचं.

सुंदरा: राहू दे त्यांना. जेवलेही नाहीत.

आनंदीबाई: मग तू तरी नीट सांग. मुंबई का पुनं? मला इचारशील तर मुंबईचं नाव काढू नको. एप्रिलात दारूगोळ्याच्या बोटीनं गोदी उडाली तेव्हा आमच्या शेजारच्या गोदूबाईचा जावई मशीद बंदराला होता. तीन दिवसांनी आला, कानातनं रगत, अंगात दुसऱ्याच कुनाचा सदरा. अजून दार आपटलं की खाटेखाली जातो. रात्री दिवे झाकून बसतात तिथं. आनि तू तिथं जानार, कुनाकडं?

सुंदरा: मुलींचं वसतिगृह आहे. हेडमास्तरांनी पत्र दिलंय.

आनंदीबाई: पत्र काय तुला रात्री पानी देनार? पुन्याला आपली ठमी हाय. हक्काची आत्तेबहीन. तिचा नवरा घोरतो तेवढं सोडलं तर घर सोन्यासारखं.

सुंदरा: भिंतीपलीकडे ऐकू येतं इतकं घोरतात.

आनंदीबाई: कापूस घाल कानात. पन मला एक कळत नाय. तुला गिरणीवाल्यांना शहानपन शिकवायचंय, तर हे वह्याखतावन्यांचं कालेज कशाला? यंत्राची शाळा बघ की.

सुंदरा: खोपोलीच्या कारखान्यात सल्ला द्यायला ते साहेब आले होते, सांगितलं नव्हतं का मी तुला? हेडमास्तर आमचा वर्ग घेऊन गेले होते. पंधरा दिवस ते साहेब हातात घड्याळ घेऊन नुसते फिरत होते. एका हमालाला दिवसात किती पावलं टाकावी लागतात ते त्यांनी मोजलं. मग मालाचा ढीग दारापाशी आणायला सांगितला. पावलं निम्मी झाली. यंत्राला त्यांनी बोटही लावलं नाही.

आनंदीबाई: एवढ्याला घड्याळ लागतं? पानी चुलीपाशी ठेव गं, पावलं वाचतील, असं माजी सासू रोज सांगायची.

सुंदरा: तुझी सासू सल्लागार होती.

आनंदीबाई: होती की. न इचारता.

सुंदरा: मी त्यांना विचारलं, हे कुठं शिकायला मिळतं? ते म्हणाले, यंत्र मिस्त्री शिकवील. काम कसं वाहतं, कुठं अडतं, नुकसान नक्की कुठून गळतं, हे बघायचं असेल तर कॉमर्सला जा. मुंबईच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रोफेसर स्वतः गिरण्यांमध्ये नेतात. महिनाभर बघायचं आणि अहवाल लिहायचा. पुण्याचं कॉलेज नवं आहे, चांगलं आहे, पण तिथं अजून पुस्तकं आणि वर्गच.

आनंदीबाई: म्हंजे तुझं मन मुंबईत हाय.

सुंदरा: मी पुण्याला जाणार आहे.

आनंदीबाई: हे बग! आत्ता तर मुंबईचे गोडवे गात होतीस.

सुंदरा: मुंबईच्या वसतिगृहातून महिन्यात एकदाच घरी सोडतात. पुण्याहून शनिवारी पहाटे निघालं तर दुपारच्या आत घरी येता येतं. रविवार पुरा मिळतो. सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत.

आनंदीबाई: दर शनवारी?

सुंदरा: दर शनिवारी.

आनंदीबाई: कशाला गं? महिन्यातनं एकदा ये. घाट काय रोज चढायउतरायचा? ठमी लग्न होऊन गेली ती वर्षात दोनदा येते.

सुंदरा: मला यावं लागेल.

आनंदीबाई: बापाला भाकरी करून घालायला? शेजारची सोनाबाई घालते की. काल तू माज्याकडं दाखला आनायला आलीस, तेव्हा कोन उपाशी राहिलं?

सुंदरा: काल मी यायला नको होतं, आत्या. काल बुधवार होता. बुधवारी ते गिरणीवर जाणार नाहीत असं धरून चालले मी.

आनंदीबाई: ते खरं. सगळा बाजार तेच बोलतोय. येसाजीचा वार शनवार. शनवारशिवाय तो कुनाच्या गिरणीला हात लावत नाय, मारुतीचा नेम हाय त्याचा. गिरणीवाल्या लडकू पाटलानं सरकारी तांदूळ द्यायची मुदत संपते म्हनून गळ घातली, खालापुराहून मोटार धाडली, यानं नेम मोडला आनि मारुती कोपला. पट्टा सुटला. लडकू तर उद्याच्याला गिरणीत नारळ फोडनार हाय, मग येसूच्या हातानं यंत्र परत चालू करनार.

सुंदरा: उद्या? उद्या तर शुक्रवार आहे.

आनंदीबाई: सकाळी आठला मोटार येनार. तुला ठाऊक नाय? येसू हो म्हनून आलाय म्हने.

सुंदरा: हो म्हणाले? की त्यांनी नुसती मान हलवली?

आनंदीबाई: त्यात काय फरक? आनि मारुतीवर भागलं तरी लडकू पोशालाच बोल लावतोय. म्हनतो, पोशानं भात कुठलं ते नीट सांगितलं नाय, येसूनं इचारलं तेव्हा भलतंच बोलला. बरा झाला तरी परत घेनार नाय त्याला. जनी डाक्तरांना तेच सांगत होती रडत रडत. म्हनते, माजा नवरा खालच्या थप्पीतनं पोती काढत होता, दोनदा वरडला. मी सूप घेऊन दारात होते, माज्या कानानं ऐकलं.

सुंदरा: काय ओरडला?

आनंदीबाई: आता मला काय ठाव—

सुंदरा: आठव. त्याचेच शब्द सांग.

आनंदीबाई: अगं, सादंच. 'ओलं हाय बा!' म्हनला. पावसानं वखार गळते लडकूची, खालची पोती भिजलेली. 'ओलं हाय बा, ओलं हाय बा,' असं दोनदा.

सुंदरा: ओलं हाय बा.

आनंदीबाई: काय झालं? अशी का पांढरी पडलीस?

सुंदरा: बाबा काल रात्रीपासून एकच वाक्य बोलताहेत. 'पोशा म्हनला कोळंबा हाय. मी पातं कोळंब्याला लावलं.' ओलं हाय बा. कोळंबा हाय. तूच म्हणून बघ. गिरणीच्या आवाजात म्हणून बघ.

आनंदीबाई: कोळंबा हाय... ओलं हाय बा... अगो बाई.

सुंदरा: कोळंबा म्हणजे बारीक, सुकं भात. त्याला गिरणीचं पातं जेवढं जवळ घेतात तेवढं त्यांनी घेतलं. वरच्या पोत्यातला दाणा दाताखाली धरून बघितला असेल, तो सुकाच होता. मग खालची पोती आली. ओल्या भाताचं आत पीठ झालं, यंत्र तुंबलं, आणि पट्टा चाकावरून उडाला. हे बेचाळीस दाणे तेच सांगताहेत.

आनंदीबाई: पन गिरणीच्या गोंगाटात कुनालाबी कमीजास्त ऐकू येईल. त्यात येसूचा काय दोष?

सुंदरा: आत्या, तू मघाशी त्यांना दोनदा हाक मारलीस.

आनंदीबाई: तो रुसलाय.

सुंदरा: ते रुसले नाहीत.

आनंदीबाई: हळू बोल. ऐकंल तो.

सुंदरा: मी तुझ्याशी रोजच्या आवाजात बोलतेय. ते चार हातांवर बसलेत. त्यांचं नाव घेतेय, पोशाचं नाव घेतेय, त्यांनी एकदा तरी मान वळवली का?

आनंदीबाई: नको गं असं बोलू.

सुंदरा: दोन वर्षं झाली. विहिरीवरून हाक मारली तेव्हा वळले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागून तांब्या टाकला. वळले नाहीत. मग परात टाकली. तेव्हा वळले, पण माझ्याकडे नाही. जमिनीकडे बघितलं. पायाला हादरा कळला होता.

आनंदीबाई: आनि तू कुनाला बोलली नाहीस? दोन वर्षं माज्या घरात राहून शाळा शिकलीस, मला नाय सांगितलंस?

सुंदरा: आम्ही दोघंही एकमेकांशी बोललो नाही. शनिवारी शाळा सुटली की मी यायची आणि त्यांच्याबरोबर गिरणीवर जायची. लोकांना वाटायचं, पोर बापाचं जेवण घेऊन आलीय. मी मागे उभी राहून दाणे मोजायची, यंत्राचा आवाज ऐकायची आणि त्यांच्या पाठीला बोट लावायची. एक बोट म्हणजे पातं सैल, दोन बोटं म्हणजे जवळ. तळहात म्हणजे थांबवा. कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं.

आनंदीबाई: म्हंजे मारुतीचा नेम...

सुंदरा: माझ्या शाळेची सुट्टी.

आनंदीबाई: आनि तो मानूस दर शनवारी शेंदूर लावून येतो मारुतीला!

सुंदरा: लावावाच लागतो. लोक बघतात.

आनंदीबाई: मला हसू येतंय का रडू, कळंना. म्हनून पुनं. म्हनून दर शनवारी.

सुंदरा: हो.

आनंदीबाई: चार वर्षं?

सुंदरा: चार वर्षं. पण काल बुधवार निघाला आणि उद्या शुक्रवार आहे. शनिवार मी सांभाळीन. बाकीच्या सहा दिवसांचं काय करू? सकाळी आठला मोटार येईल, बाबा बसतील, चालू यंत्राजवळ उभे राहतील आणि मागून कुणीतरी ओरडेल. कालपासून दुसरं काही सुचत नाही. म्हणून दाणे मोजत बसले.

आनंदीबाई: मग उद्या तूबी जा त्याच्यासंगं.

सुंदरा: जाईन. सोमवारी? पुढच्या बुधवारी?

आनंदीबाई: ऐक माजं. कुनाला काय बोलू नको. जनीला तर नाहीच. मारुती कोपला म्हनतात ना? म्हनू दे. मानसं मानतात. मारुतीला काय त्रास हाय?

सुंदरा: मारुतीला नाही. पोशाला आहे.

आनंदीबाई: पोशा आपला कोन?

सुंदरा: त्यानं दोनदा सांगितलं होतं, आत्या. बरोबर सांगितलं होतं.

आनंदीबाई: तुजी आई असती तर तिनं काय केलं असतं, काय की. येसू म्हंजे कान. नेरळपास्नं खालापूरपत्तूर त्याची तेवढीच वळख. ती गेली तर त्यानं काय करायचं? सुंभ वळायचे?

येसाजी: (आता त्यांच्याकडे वळलेला) आक्का, तोंडावरचा पदर काढ.

आनंदीबाई: ऑं?

येसाजी: कवाधरनं पदर धरून बोलतेस. मला तुजं तोंड दिसत नाय. पोरीचं दिसलं मागाशी, वळलो तवा. पोशाचं नाव घेतलंन. काय म्हनला पोशा?

सुंदरा: बाबा, तुम्ही आधी दोन घास खा.

येसाजी: पोशा काय म्हनला?

सुंदरा: माझ्याकडे बघा. ओ-लं. ओलं हाय बा.

येसाजी: कोळंबा हाय.

सुंदरा: नाही. ओलं. हे घ्या. हात पुढे करा. यातला कुठलाही दाणा दाताखाली धरा.

येसाजी: (दाणा दाताखाली धरतो.)

आनंदीबाई: येसू, अरं, चुकतं मानसाचं. यंत्र म्हनल्यावर—

सुंदरा: आत्या, थांब जरा.

येसाजी: पीठ झालं. दाना नाय ह्यो. मी वरच्या पोत्यातला बघितला. वरचा कडक होता. पोशाचं तोंड दिसलं मला, थप्पीच्या आडनं. व्हट गोल झालं, मंग मिटलं. मी मनात म्हनलं, कोळंबा. मलाच कोळंबा पायजे होता.

सुंदरा: बाबा, मला माहीत आहे. दोन वर्षांपासून.

येसाजी: मला ठाव हाय तुला ठाव हाय ते. परात टाकलीस तवापासनं.

सुंदरा: मग बोलला का नाही?

येसाजी: तू का नाय बोललीस?

सुंदरा: भीती वाटली. बोललं की खरं होईल.

येसाजी: मंग? बापाला भ्या नसतं? आदी चिमन्या गेल्या. मला वाटलं, अवंदा चिमन्याच कमी झाल्यात. मंग बायकांची बोलनी गेली. मंग समद्यांची. गिरणी अजून येते. पायातनं येते, पार दातापत्तूर. म्हनून गिरणीत बरं वाटायचं. तिथं कुनालाच कुनाचं ऐकू येत नाय, समदे माज्यावानी. आनि तुजं बोट पाठीला असायचं.

आनंदीबाई: मला तरी सांगायचं रं. मी काय परकी?

येसाजी: काय म्हनतीस?

आनंदीबाई: मी परकी का?

येसाजी: तुला सांगितलं असतं तर सांजच्याला कर्जत टेशनाच्या घड्याळालाबी ठाव झालं असतं.

आनंदीबाई: बघ गं, एवढं होऊनबी जिभेची धार गेली नाय त्याची.

येसाजी: पोशाचा हात?

सुंदरा: उद्या कळेल. बोटं काळी पडलीत.

येसाजी: उजवा?

सुंदरा: उजवा.

येसाजी: सुंदरे, फळीवरचं फारम मला दिसत नव्हतं असं वाटतं का तुला? दहा दिस जाता येता बघत हाय. एकदाबी इचारलं नाय. का, सांगू? मला ठाव होतं तू पुनं लिवशील. इचारलं असतं तर तू मुंबई म्हनली असतीस, म्हनून नाय इचारलं. तू हेडमास्तरांचं पत्र वाचत होतीस तवा तुजं तोंड बघितलं मी. मुंबईच्या कागदाला तुजा चेहरा येगळा होता.

सुंदरा: पुणं वाईट नाही, बाबा.

येसाजी: वाईट नाय. माज्या सोयीचं हाय. उद्या मोटार आली की मी बसनार.

सुंदरा: नाही! बाबा, नाही. मी पाया पडते. मोटारीला मी माघारी धाडते, ताप आलाय म्हणून सांगते. पण तुम्ही यंत्राजवळ जायचं नाही.

येसाजी: लई भरभर बोलतेस, मला निम्मंच दिसलं. पुरतं ऐक. मी बसनार, गिरणीत जानार, यंत्राला हात लावनार नाय. लडकू नारळ फोडंल तवा समदी मानसं जमतील. त्यांच्याम्होरं सांगनार. पोशा ओलं म्हनला. दोनदा म्हनला. मला ऐकू येत नाय.

आनंदीबाई: येसू! त्यानंतर कोन बोलावंल तुला?

येसाजी: कोन नाय.

आनंदीबाई: आनि लडकूनं अंगावर घेतलं म्हंजे? पोशाचे भाऊ हायेत, ते आले तर? तापट मानसं हायती ती.

येसाजी: येतील. मला बी भ्या वाटतं, आक्का. पन लडकू पोशाला परत घेनार नाय, हे काल लडकू बोलला तवा त्याच्या तोंडावरनं कळलं मला. हात जाईल त्याचा, आनि वर चूकबी त्याचीच व्हायची?

सुंदरा: मी येते तुमच्याबरोबर.

येसाजी: ये. पन माज्या मागं उभी राहू नको. शेजारी राहा. मानसं काय इचारतात ते तोंडानं सांग मला.

सुंदरा: हे दाणेही घेऊन येते. लडकू पाटलांना दाखवते. भिजलेलं भात कसं तुटतं ते दिसेल त्यांना. वखार गळते तिथं पत्रा टाकायला सांगते.

येसाजी: ते सांग. न इचारता.

आनंदीबाई: पावनेतीन झाले. मला निघायला पायजे. फारम आन गं. सही कर रं येसू. कुठल्यावर करतोस?

येसाजी: ती सांगंल त्याच्यावर. आता शनवार नाय राहिला.

आनंदीबाई: घे लवकर.

सुंदरा: आत्या, इतके दिवस मी स्वतःला सांगत होते, बाबांसाठी पुणं. आता ते कारण गेलं, आणि तरी माझा हात पुण्याच्याच लिफाफ्याकडे जातोय.

येसाजी: काय म्हनते? इकडं बघ.

सुंदरा: म्हटलं, मलाही पुणंच सोपं होतं. तुमचं नाव पुढे करत होते. मुंबईत वर्गात सगळे मुलगे, शहरातले. इंग्रजी फडाफडा बोलणारे. मी पोशीरची. माझ्या मागे कुणी बोट लावायला नसणार. आणि ते अहवाल... बाबा, मी एखाद्या गिरणीला सांगेन, असं करा, आणि निघून येईन. मागे पट्टा सुटेल. कुणाचा तरी हात जाईल. मला तर कळणारही नाही.

आनंदीबाई: बघ. म्हनून म्हनत होते, पुनं. नाहीतर ऱ्हाऊच दे कालेज. घरची भातशेती काय वाईट हाय?

येसाजी: चुकशील.

सुंदरा: काय?

येसाजी: चुकशील म्हनलं. मी तीस वर्सं गिरण्या लावल्या, चुकलो नाय असं नाय. पन तवा ऐकू येत होतं. खालच्या थप्पीतनं कोन तरी वरडायचं, 'येसाजी, थांबव!' मी थांबवायचो. तुला ऐकू येतं. जिथं जाशील तिथं सायबाच्या आधी पोती वाहनाऱ्याला इचार, भात कसं हाय. त्यो सांगतो. दोनदा सांगतो.

सुंदरा: आणि तुम्ही? इथं एकटे? मागून गाडी आली तर? साप फुसफुसला तर?

येसाजी: सोनाबाईचं पोरगं दाराला काठी बांधून देईल, कोन आलं की हलंल. गाडीरस्त्यानं कडंकडंनं चालीन. सापाचं म्हनशील तर तो ऐकनाऱ्यालाबी चावतो. अगं, मी बहिरा झालोय, म्हातारा झालोय. मेलो नाय अजून.

आनंदीबाई: मी येऊन राहीन अधनंमधनं. पदर न धरता बोलंन. मला काय काम हाय कर्जतला?

येसाजी: आक्का काय म्हनली?

सुंदरा: येऊन राहीन म्हणाली.

येसाजी: त्यापरीस सापच बरा.

आनंदीबाई: ऐकू येत नाय तर बोलायचं तरी बंद कर! सुंदरे, तीन वाजले गं. गाडी चुकली तर उद्याच्या टपालानं पोचनार नाय. हे दोन लिफाफे, हा दाखला. कुठल्यात घालू?

सुंदरा: बाबा, मला फार भीती वाटतेय.

येसाजी: दिसतंय मला. बोल तू.

सुंदरा: मुंबईच्या लिफाफ्यात घाल, आत्या. मी मुंबईला जाते.